सवतीच्या टाकाची तहान

आखाजी, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि ताईबाईच्या घरात नव्या सुनेची, प्रमिलाची, तहान भागत नव्हती. पोरगी माठ रिता करायची, तरी ओठ कोरडेच. अंगावरचं मांस उतरलं. भर दुपारी नहाणीपाशी मुंग्यांची काळी रांग लागायची. आणि काल तर ती बोलली तेव्हा तिच्या श्वासाला पिकल्या केळ्यांचा वास आला. घरात महिनाभर केळं आलं नव्हतं!

ताईबाईच्या मनात एकच नाव आलं. केळी म्हणजे जीव की प्राण असलेली वच्छला, तिच्या लेकाची, अभिमनची पहिली बायको, गेल्या साली तापाने गेली होती. गेलेल्या सवतीची प्रतिमा दुसरीने गळ्यात घालायची, या रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक प्रमिलाच्या गळ्यात होता.

"वच्छलानी घागर आजून भरेल नही," ताईबाई दबक्या आवाजात म्हणाली. "म्हनीसन ती हिना तोंडे पानी मांगी राहिनी."

"माय, हिले जळगावले दवाखानामा लई जाऊत," अभिमन म्हणाला.

"मरेलले सुई कशी टोचतीन?"

मग काय! रोज टाकाला गुळाच्या पाण्याचा नैवेद्य आणि तोच तांब्या प्रमिलाच्या घशात. पोरगी पीत गेली, वाळत गेली.

आखाजीला तिचा भाऊ नथ्थू तिला माहेरी न्यायला जीप घेऊन आला. प्रमिला खाटेवर भात्यासारखा श्वास टाकत होती. तिने भावाला ओळखलंच नाही. ताईबाईने पुन्हा तांब्या पुढे केला, तो नथ्थूने हिसकावून घेतला. "मी बहिणीला न्यायला आलोय, पोचवायला नाही!"

जळगावच्या दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाने डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर नासीर ताईबाईजवळ बसले.

"अक्का, हिची तहान गळ्यातल्या टाकाची नव्हती. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर वीतभर लांबीचं स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. अन्न पचवणारा रस ते आतड्यात सोडतं आणि इन्शुलिन रक्तात. हिचं इन्शुलिन आटलं. साखर रक्तात साठली, लघवीवाटे जाताना अंगातलं पाणी घेऊन गेली. म्हणून तहान, म्हणून मुंग्या. उपाशी शरीर चरबी जाळत होतं, त्याचा तो वास. आणि तुम्ही वरून गूळ पाजत होता!"

"मंग ती वच्छला नव्हती?"

"गेलेल्या पोरीवर कशाला आळ घेता, अक्का? हिला आता रोज इन्शुलिन टोचा, जन्मभर. ही जगेल."

सलाईन लावताना काढलेला टाक नर्सने ताईबाईच्या हातावर ठेवला. घरी येऊन तिने वच्छलाच्या नावाची घागर भरली, साध्या पाण्याची.

"वच्छले, तू काहीच मांगं नही, माय. मीच तुन्हं नाव लिसन तिले पाजं!" ती धाय मोकलून रडली.

नैवेद्याचा तांब्या ठेवायच्या भिंतीतल्या देवळीत मुंग्या होत्याच. सांडलेल्या गुळावर त्या मुकाट चढत होत्या.

वाचकहो, घरात कुणी असं वाळू लागलं, पाणी पाणी करू लागलं, तर आधी रक्त-लघवी तपासून घ्या. मेलेली माणसं पाणी मागत नाहीत. पाणी जिवंत माणूस मागतो, आणि त्याला वेळेवर दवाखाना लागतो.