दार लावलंस का?

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पॉटर्स नेकच्या किनाऱ्यावर चिखल्या पक्ष्याचं चौथं पिल्लू दिसेनासं झालं. उजाडताना चारही होती. मग क्लबच्या तीन गाड्या घरट्यांभोवती बांधलेल्या दोरीलगतच्या वाटेने पुढे गेल्या, आणि त्यानंतर मोजली तर तीनच भरली.

हॉलिस ट्रास्क हा गावाने नेमलेला पक्ष्यांचा राखणदार. त्याने हात वर केला. गाड्यांपुढे पायी चालणाऱ्या ओदेत मेदेरोसने तो हात पाहिला आणि आपला लाल झेंडा आडवा धरला. एकापाठोपाठ एक तिन्ही इंजिनं बंद झाली. नियमच तसा होता. पिल्लू सापडत नसेल तर गाडी जागची हलवायची नाही आणि हॉलिसने सांगेपर्यंत गाडीतल्या कुणी वाळूवर पाय ठेवायचा नाही.

हा नियम गावाकडून ओदेतनेच मंजूर करून घेतला होता. त्याआधी पिल्लांच्या दिवसांत वाळूवरची वाट सरसकट बंद व्हायची आणि लाटांत गळ टाकणाऱ्यांचा हा क्लब ऐन हंगामात फाटकाबाहेर बसून कॉफी प्यायचा. ओदेतने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे न ऐकणाऱ्यांसमोर तेच तेच शांतपणे सांगायची तिला सवय होती. अख्खा हिवाळा ती गावच्या समितीपुढे जात राहिली. शेवटी ठरलं की गाड्या जातील, पण पुढे क्लबचा माणूस वाळू बघत चालेल. समितीने एक अटही घातली. क्लबच्या हातून एक जरी पिल्लू दगावलं तर फाटक बंद, थेट ऑगस्ट संपेपर्यंत.

क्लबच्या सभेत ही अट वाचून दाखवली तेव्हा तिबेरियो अरुदा उठून म्हणाला होता, "शाब्बास बाई! आमचं फाटक पाखराच्या पायाला बांधून आलीस."

ओदेतने हे का केलं ते तिबेरियोलाही माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ मॅनी याला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलण्यातले बहुतेक शब्द गेले. घरी तो खुर्चीत बसायचा आणि टीव्ही चालू आहे की बंद, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. किनाऱ्यावर मात्र गाडीचं दार उघडं टाकून, शेजारी वाळूत रोवलेल्या नळीत गळाची काठी उभी करून तो बसला की निराळाच माणूस व्हायचा. गळ दुसऱ्याने फेकून द्यायचा, पण मासा आणायचा तो मॅनीने, डाव्या हाताने, दात आवळून. फाटकापासून मासे लागतात त्या पाण्याच्या वळणापर्यंत वाळूतून दोन मैल. फाटक बंद झालं की मॅनीचा समुद्र बंद.

"ओदेत!" शेवटच्या गाडीतून तिबेरियो ओरडला. मॅनी त्याच्याच शेजारी बसला होता. "अगं, पलीकडे बघ तरी!"

ओदेतने आधीच बघितलं होतं. शंभर पावलांवर कुरव पक्षी पाण्यावर तुटून पडत होते आणि त्यांच्याखाली पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. पट्टेरी मासे बारक्या मासळीचा फडशा पाडत होते.

"डोळ्यांदेखत जेवतायत गं! पट्टेरी तिकडे आणि मी इकडे पट्टा बांधून बसलोय."

"मग सोड पट्टा आणि बस."

"मला लघवीला जायचंय."

"कॉफीची बाटली आहे ना?"

"तिच्यात कॉफी आहे!"

पुढच्या दोन्ही गाड्यांतून हशा उठला. मॅनीही हसला. त्याच्या हसण्याला मात्र आजाराने हात लावला नव्हता.

ओदेत हसली नाही. तिचं लक्ष शेवटच्या गाडीमागे होतं. तिथे जुन्या मासेमारी जाळ्याची जड गुंडाळी दोराने बांधलेली असायची. पिल्लं चाकोरीत उतरली की त्यांना वर येता येत नाही, म्हणून शेवटच्या गाडीने हे जाळं ओढत न्यायचं आणि मागची वाळू सपाट करायची, ही क्लबची पद्धत. आज त्या पद्धतीने घोटाळा केला होता. पिल्लू चाकाखाली आलं असलं तरी त्याच्यावरून जाळं फिरलं होतं. मागे नुसती गुळगुळीत वाळू होती आणि तिच्यावरून काहीच सांगता येत नव्हतं.

हॉलिसच्याही ते लक्षात आलं. तो गुडघ्यांवर बसला आणि जाळ्याने सारखा केलेला पट्टा बोटांनी चाळत पुढे सरकू लागला.

"तुम्ही वाळू नीट बघत होतात ना, ओदेतबाई?" त्याने मान वर न करता विचारलं. आवाजात आरोप नव्हता. त्याला ते लिहावं लागणार होतं.

"प्रत्येक पाऊल."

"मला वाटलंच."

"कोल्ह्याची पावलं?"

"नाहीत. कोल्हा असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आलीय."

मागच्या गाडीपाशी नर चिखल्याने एक पंख मोडल्यासारखा वाळूवर टाकला आणि तो लंगडत, ओरडत पाण्याकडे निघाला. त्याचं हे नाटक दोघांनाही पाठ होतं. माणसाला पिल्लांपासून लांब न्यायचं असलं की तो असं करतो. तो पाण्याकडे ओढतोय म्हणजे पिल्लू उलट बाजूला, गवतात असणार. क्लबने वसंतात लावलेलं ते गवत आता पिंढरीइतकं वाढलं होतं. हॉलिसने वाळू सोडली आणि गवताचा एकेक झुबका तपासला. ओदेतने दुसऱ्या बाजूने तेच केलं. पिल्लाची तीन भावंडं तिथेच, आईच्या पोटाखाली होती. सहा बारके पाय आणि वर एक रागावलेली आई. चौथं नव्हतं.

कुरव पांगले. मासे खोल पाण्यात गेले. तिबेरियोने काच वर करून घेतली.

ओदेत गवतातून बाहेर आली तेव्हा नराने पुन्हा तेच नाटक सुरू केलं होतं. या वेळी ती तो कुठे जातो ते न बघता कुठून निघतो ते बघत राहिली. तो पाण्याकडे गेला, थांबला, माणूस मागे येत नाही म्हणून उडून परत आला आणि पुन्हा तिथेच उतरला. तिथून पुन्हा पंख टाकला. भरतीच्या रेषेच्या जरा वर, दमट वाळूत, जिथे काहीच नव्हतं, अशी ती जागा होती.

तिथे काल संध्याकाळी तिबेरियोची गाडी उभी होती.

"हॉलिस, जरा इकडे ये. पाय घासत ये, उचलू नकोस," ओदेत म्हणाली.

तीन पावलांवर आल्यावर दोघांनाही तो आवाज ऐकू आला. बारीक, चिडका, आणि जमिनीच्या आतून येणारा. दमट वाळूत एक गोल भोक होतं, कपाच्या तोंडाएवढं रुंद आणि हातभर खोल. कडा अशा स्वच्छ, जणू कुणी साच्याने कापल्या असाव्यात. तळाशी कापसाच्या बोळ्याएवढं काहीतरी वर चोच करून बोंबलत होतं.

ओदेत वाळूवर बसलीच. 

"हात घालू नका. कडा ढासळतील," हॉलिस कुजबुजला.

"बाजूने उतार काढ. मी ही कड धरते."

तिने दोन्ही तळवे भोकाच्या एका अंगाला दाबून धरले. हॉलिसने मोठा शिंपला घेतला आणि समोरच्या अंगाने हळूहळू उतार खणत आणला. शेवटची ओंजळभर वाळू निघाली तेव्हा पिल्लू त्या उतारावरून चालत वर आलं, दोघांच्यामध्ये क्षणभर थांबलं आणि मग कुणीतरी चावी दिल्यासारखं गवताकडे पळत सुटलं. बापाचा मोडलेला पंख तत्क्षणी बरा झाला.

"चार!" हॉलिस मोठ्याने म्हणाला.  "चार आहेत! उतरा सगळे, उतरा!"

तिबेरियो सर्वांत आधी उतरला आणि लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. बाकीचे ओदेतभोवती आले. कुणीतरी तिच्या पाठीवर थापटलं, कुणी तिला उठायला हात दिला. तिचा जीव भांड्यात पडला होता.

मग सगळ्यांची नजर त्या भोकाकडे गेली.

काठीची नळी वाळूतून उपटली की खाली भोक राहतं. ते टाचेने दोनदा दाबून बुजवायचं, याला क्लबात 'दार लावणं' म्हणतात. आधी हे कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून होतं, आता पिल्लांसाठी आहे. निघताना एकजण दुसऱ्याला हटकून विचारतो, "दार लावलंस का?" विसरणाऱ्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. साधी नळी मनगटाएवढी असते. एवढं रुंद भोक पाडणारी नळी क्लबात एकच होती. ओदेतने ती मुद्दाम जाड पाइप कापून केली होती, एका हाताने काठी ठेवता-काढता यावी म्हणून.

"कुणाचं आहे हे?" हॉलिसने विचारलं.

"बाहेरचे लोक येतात रे, साहेब," परत आलेला तिबेरियो म्हणाला. "काल ते न्यूयॉर्कवाले नव्हते का, दोन छत्र्या आणि कुत्रा..."

"तिब," ओदेत म्हणाली.

"काय तिब? छत्रीची भोकं केवढी असतात माहितीये का तुला?"

"काल इथे तू उभा होतास. मॅनीला घेऊन."

"होतो ना. पण मी गाडीत सामान बांधत होतो. दार तू लावतेस नेहमी!"

"मी काल पुढे चालत होते. मला वाटलं तू लावलंस."

"आणि मला वाटलं तू."

 काल मॅनीने हट्टाने नळी स्वतः उपटली होती, डाव्या हाताने, एका झटक्यात. त्याचं सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. पण टाच मारायला त्याला उभं राहता येत नव्हतं आणि कौतुकाच्या भरात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

गाडीच्या उघड्या दारातून मॅनी हे सगळं ऐकत होता. त्याने डाव्या हाताने पत्र्यावर दोनदा थाप मारली. सगळे वळले.

"दार," मॅनी म्हणाला. पुढचा शब्द यायला वेळ लागला. कुणी तो त्याच्या तोंडात घातला नाही. "माझं."

मग त्याने हॉलिसकडे बघितलं आणि आणखी एक शब्द ओढून काढला. "कॉफी."

"कॉफी पाजून सुटणार नाहीस तू," तिबेरियो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि वर दटावल्यासारखं बोट नाचवलं. "मालासादासुद्धा लागतील. गरम."

आठ वाजता सगळे क्लबच्या खोलीत होते. स्वयंपाक बघणारी लुर्देस तळणीतून मालासादा, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीचे गोड वडे, काढून साखरेत घोळवत होती आणि मॅनी एका हाताने थाळी पुढे करत होता. भिंतीवर सर्वांत जड माशाचा जुना करंडक होता. तो आता कुणालाच मिळत नाही. मासा ओल्या झोळीत ठेवून नुसती लांबी मोजायची आणि सोडून द्यायचा, असं ठरल्यापासून लुर्देस त्यात चमचे ठेवते.

"काय लिहिणार आहेस?" ओदेतने हॉलिसला बाजूला घेऊन विचारलं.

"झालं तेच. पिल्लू जिवंत सापडलं. क्लबच्या सभासदाने भोक उघडं ठेवलं होतं."

"नाव?"

"नाव विचारत नाहीत. पण क्लब लिहावंच लागेल."

"लिही. मीच तुझ्यासमोर फोन करते त्यांना."

तिने समितीच्या अध्यक्षबाईंना फोन लावला आणि काहीही न गाळता सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "पण दगावलं नाही ना?"

"नाही. पळालं."

"अट दगावण्याची आहे," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मात्र निष्काळजीपणा हासुद्धा प्रश्न आहे. गुरुवारच्या बैठकीत घ्यावा लागेल. तोवर चालू द्या."

तिबेरियो कान देऊन होता. "काय म्हणाल्या?"

"तोवर चालू द्या म्हणाल्या."

"म्हणजे आज संध्याकाळी जायचं?"

"जायचं."

तिबेरियोने आणखी एक मालासादा उचलला. "पाखराच्या पायाला बांधलंस खरं," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला, "पण गाठ चांगली मारलीस."

दुपारी ओदेतने ती जाड नळी एका बादलीत उभी केली आणि बादली ओल्या वाळूने गच्च भरली. आता वाळूत रोवायला नको, उपटायला नको, भोकही नको. मॅनीने बादली डाव्या पायाने ढकलून बघितली. हलली नाही. त्याने मान डोलावली, पण चेहऱ्यावरून त्याला ती फारशी आवडलेली दिसली नाही. नळी स्वतः उपटण्याची मजा गेली होती.

संध्याकाळी ओदेत पुन्हा झेंडा घेऊन गाड्यांपुढे चालली. वारा पडला होता आणि पाणी सपाट होतं. मॅनीला एकच पट्टेरी लागला, मापापेक्षा लहान. त्याने तो स्वतः ओढून आणला आणि तिबेरियोने झोळीतून पाण्यात सोडला. परतताना तीन गाड्यांच्या खिडक्यांतून एकमेकांना मोठ्याने विचारणं चाललं होतं, "दार लावलंस का?" मॅनीने बादलीवर थापा मारून उत्तर दिलं.

शेवटच्या फेरीत हॉलिसने पिल्लं मोजली. चार होती. बैठक गुरुवारी आहे. फाटक अजून उघडं आहे.