शंकाताईच्या नावावरची चूक

“तिला थांबवा, गुरुजी. काय वाट्टेल ते करा, पण थांबवा,” असं म्हणून मॅनेजरनं टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. राजीनामा चार ओळींचा होता. कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ एवढाच शब्द.

“तीन वर्षांत नऊ जण गेले. आता हीपण. मल्टिथ्रेडिंग खरं कळणारी माणसं आपल्याकडे दोनच, तुम्ही आणि ती. नवीन कुणी आणला तरी त्याला हा पसारा समजेपर्यंत वर्ष जाईल. तुमचं ऐकेल ती. तुम्हीच घडवलंय तिला.”

“बोलतो,” गुरुजी म्हणाले आणि केबिनच्या बाहेर आले.

गुरुजी काही शिक्षक नव्हते. बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेला, चष्म्याचा नंबर वाढलेला, मान कायमची आखडलेला माणूस. पण नव्या पोरांना शिकवायची हौस दांडगी, म्हणून नाव पडलं गुरुजी. एकाच प्रोग्रॅमनं एका वेळी अनेक कामं कशी करायची, यावरचा त्यांचा एक धडा तर सगळ्या मजल्याला पाठ होता. “घरात न्हाणीघर एक आणि माणसं सहा. सगळ्यांना आठच्या आत अंघोळ उरकायचीय. मग करायचं काय? आत गेलं की कडी लावायची, बाहेर येताना काढायची. संपलं मल्टिथ्रेडिंग! बाकीची जाड पुस्तकं विकायला लिहिलेली असतात.” पोरं हसायची आणि धडा डोक्यात बसायचा. कोपऱ्यातला दाढीवाला प्रोग्रॅमर मात्र दर वेळी कुरकुरायचा, “मी म्हणतो सहा माणसं पाठवायचीच कशाला? एकेकाला रांगेत उभं करा. वेळ लागेल, पण भानगड नाही.” त्यावर गुरुजी म्हणायचे, “मग सहावा माणूस संध्याकाळी अंघोळ करणार का?” आणि पुन्हा हशा.

त्यांचा प्रोग्रॅम रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये चालायचा. यंत्रं आकडे पाठवत, प्रोग्रॅम एकाच वेळी पंचवीस-तीस रुग्णांचे आकडे घेऊन ज्याचे त्याच्या नावापुढे बसवत असे आणि रिपोर्ट छापत असे. त्यातलं प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड. दोन थ्रेड एकाच जागी घुसू नयेत म्हणून प्रोग्रॅममध्येही कडी लावावी लागते. त्या कडीचं काम तसं दोन ओळींचंच.

त्या दोन ओळी आठ वर्षांपूर्वी गुरुजींनी स्वतःच्या हातानं काढल्या होत्या. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक प्रात्यक्षिक बघायला येणार होतं आणि रिपोर्ट काही भरभर निघेनात. कडीपाशी रांग लागत होती. गुरुजींनी कडी काढली. रिपोर्ट धडाधड निघायला लागले, गिऱ्हाईक खूश झालं, गुरुजींची पाठ थोपटली गेली. कडी उद्या परत लावू असं त्यांनी ठरवलं होतं. त्या उद्याला आता आठ वर्षं होत आली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

सात वर्षं नशिबानं काही झालं नाही. मग एक दिवस दोन थ्रेड नेमके एकाच क्षणी एकाच जागी गेले. शाळेच्या बसच्या धडधाकट ड्रायव्हरला रिपोर्ट मिळाला की मूत्रपिंडं निकामी होतायत. ज्याची खरोखर होत होती, त्या निवृत्त पोस्टमनला सांगितलं गेलं, ठणठणीत आहात, घरी जा. चौथ्या दिवशी घोटाळा लक्षात आला, दोघांना परत बोलावलं आणि निभावलं. पण त्या तीन दिवसांत ड्रायव्हरनं बायकोला बँकेतले कागद कुठे आहेत तेही दाखवून ठेवलं होतं.

चौकशी झाली. प्रोग्रॅमरांकडे एक सोय असते. कोणत्याही ओळीवर बोट ठेवलं, तर ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव पडद्यावर येतं. मॅनेजरनं फाईल उघडली, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव होतं. शंकाताईचं.

शंकाताई म्हणजे टीममधली एकोणतीस वर्षांची, हळू बोलणारी मुलगी. दर मीटिंगच्या शेवटी “मला एक शंका आहे” म्हणायची, म्हणून शंकाताई. आणि तिची शंका दहातल्या नऊ वेळा खरी निघायची. चौकशीच्या महिनाभर आधी गुरुजींनीच तिला सांगितलं होतं, “ती जुनी फाईल फार गचाळ झालीय गं. जरा ओळी सरळ मांड, समास नीट कर.” तिनं मुकाट्यानं केलं. एक अक्षर बदललं नाही, नुसत्या मोकळ्या जागा सरकवल्या. तेवढ्यानं साडेसहाशे ओळी तिच्या नावावर चढल्या.

मॅनेजरला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला पडद्यावर नाव दिसलं, तेवढं पुरे होतं. एक पायरी मागची नोंद उघडा, एवढं सांगायला गुरुजींना पाच सेकंद लागले असते. पण ते मूग गिळून बसले. वर सगळ्यांसमोर म्हणाले काय, तर नेहमीचं पालुपद. “चूक कुणाचीही असो, टीमचा मोठा म्हणून जबाबदारी माझी.” हे वाक्य ते बावीस वर्षं प्रत्येक घोटाळ्यानंतर म्हणत आले होते. ऐकायला फार बरं वाटायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नव्या कामाचं प्रमुखपद, जे शंकाताईला मिळणार हे ठरल्यासारखं होतं, ते दुसऱ्याला गेलं. तिला रिपोर्टचे रकाने सरळ करायला बसवलं.

दुरुस्तीचं काम गुरुजींनी स्वतःकडे मागून घेतलं. तिथे तरी कडी लावावी ना? पण कडी लावली असती तर ती आधी कुणी काढली हा प्रश्न आला असता. म्हणून त्यांनी एक ओळ घातली की प्रत्येक थ्रेडनं अर्धा सेकंद थांबावं. म्हणजे बहुधा टक्कर होणार नाही. शंकाताईनं तेव्हाही विचारलं होतं, “गुरुजी, नुसतं थांबून काय होणार? दोघं एकदमच थांबले तर एकदमच आत जातील ना?” गुरुजी म्हणाले होते, “चालतंय ना? मग झालं.”

घरी बायकोनं विचारलं होतं, चेहरा का उतरलाय. “टीममधल्या एका मुलीकडून चूक झाली,” त्यांनी सांगितलं होतं.

“बिचारी! तुम्ही सांभाळून घेतलंत ना तिला?”

“घेतलं,” असं म्हणून गुरुजींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. ते उत्तर आठवलं की त्यांना अजूनही अंघोळ करताना एकट्यालाच लाज वाटायची.

आता तिला थांबवायला त्यांनाच पाठवलं होतं. शंकाताई जिन्यातल्या खिडकीपाशी कॉफीचा कागदी पेला घेऊन उभी होती. गुरुजी शेजारी जाऊन उभे राहिले. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाले, “जाऊ नकोस. मी बोलतो वर. चांगलं काम देतील.”

“गुरुजी,” ती खाली रस्त्याकडे बघतच म्हणाली, “मी त्याच संध्याकाळी मागची नोंद बघितली होती.”

गुरुजींचे कान तापले. मान वर करायची हिंमत होईना.

“मग... मग तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल असं वाटलं. आज नाही तर सोमवारी. सोमवारी नाही तर महिन्याच्या मीटिंगमध्ये. आणि मी बोलले असते तर काय झालं असतं? चूक झाकायला पोरगी आता गुरुजींवर ढकलतेय, असंच म्हणाले असते सगळे. मला तुमच्यासारखं कोण मानतं इथे?” तिनं पेला चुरगळला. “आठ महिने वाट बघितली मी.”

“चुकलं माझं.”

“ते मला सांगून काय उपयोग? मला माहितीच आहे. नव्या ऑफिसातही इथून गेलेलेच तिघं आहेत. रुग्णांचे रिपोर्ट बदलणारी ती हीच, असं आत्ताच बोलतायत म्हणे. तुम्ही एकच करा. मी जायच्या आधी सगळ्यांसमोर सांगा.”

“सांगतो. शब्द देतो,” गुरुजी म्हणाले. तेव्हा ते अगदी खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर तज्ज्ञ माणसं टिकवण्याची योजना तयार करत होता. रोज ताजी फळं, एक टेबल टेनिसचं टेबल, शुक्रवारी घरून काम. “कसं वाटतं?” त्यानं विचारलं. “माणसं जातात का, हेच कळत नाही मला.” गुरुजींच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच अडकलं. ते म्हणाले, “फळं चांगली कल्पना आहे.” असे तीन आठवडे गेले. सोमवारी वाटायचं बुधवारी सांगू, बुधवारी वाटायचं निरोपाच्या दिवशी सगळेच असतील, तेव्हाच बरं.

निरोपाच्या दिवशी खरोखर सगळे होते. मोठ्या खोलीत केक, कागदी बश्या, भिंतीवरच्या पडद्यावर तिचे फोटो. मॅनेजरनं चार गोड वाक्यं म्हटली आणि वळून म्हणाला, “आता गुरुजींनी दोन शब्द बोलावेत.”

गुरुजी उभे राहिले. शंकाताई समोरच होती, हात बांधून, त्यांच्याकडे बघत.

“ते रिपोर्ट बदलले होते ना,” ते म्हणाले, “ती चूक हिची नव्हती. माझी होती.”

मग कुणीतरी हळहळल्यासारखा आवाज काढला आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. बघता बघता सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. “बघा, याला म्हणतात मोठेपणा!” मॅनेजर गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “जाणाऱ्या मुलीची चूकसुद्धा शेवटच्या दिवशी स्वतःच्या अंगावर घेतली!”

“नाही, ऐका, खरंच माझी होती...”

“तेच तर म्हणतोय मी! अशी माणसं टिकवायची असतात!” टाळ्या आणखी वाढल्या. बावीस वर्षं जे वाक्य गुरुजी मिरवत आले होते, ते आता खरं सांगताना कुणी खरं मानायलाच तयार नव्हतं. दाढीवाल्याचे तर डोळे पाणावले होते.

पडद्याला जोडलेला लॅपटॉप चार पावलांवर होता. फाईल उघडायची, जुन्या नोंदीपर्यंत मागे जायचं. तिथे त्यांचं नाव होतं, तारीख होती, काढलेल्या दोन ओळी होत्या. एवढं दाखवलं असतं तर टाळ्या जागच्या जागी थांबल्या असत्या. गुरुजींना हे सगळं कळत होतं. पण लोक इतक्या मायेनं बघत होते आणि पाय काही उचलेनात. त्यांनी मान खाली घातली. ती विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं.

शंकाताईनं सगळ्यांचा निरोप घेतला. लिफ्टपर्यंत गुरुजी तिच्यामागे गेले. तिचं ओळखपत्र आता गळ्यात नव्हतं.

“मी सांगितलं,” ते म्हणाले. “पण लोकांनी...”

“फाईल उघडायची होती, गुरुजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “आज तुमचं नाव आणखी मोठं झालं.”

“मी सोमवारी परत सांगेन. फाईल दाखवून सांगेन.”

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. काहीतरी विचारायचं तिच्या मनात आलं असावं, पण ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटलं.

गुरुजी परत खोलीत आले, तेव्हा सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. केकचा सगळ्यांत मोठा तुकडा, वरच्या फुलासकट, त्यांच्यासाठी बशीत काढून ठेवला होता. “घ्या गुरुजी, आज मान तुमचा,” दाढीवाला म्हणाला आणि त्यानं बशी त्यांच्या हातात दिली. गुरुजींना तो नको होता. पण सगळे कौतुकानं बघत होते, म्हणून त्यांनी तिथेच उभ्या उभ्या तो तुकडा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.