हातात घेतलेला दगड

यॉर्कशरमधल्या त्या गावात यंदा चर्चच्या हॉलमध्ये आडनावांचं प्रदर्शन भरणार होतं. कल्पना पाद्रीबाईंची, त्यांना स्वस्थ बसवत नाही. प्रत्येक घराने एक कार्ड लिहायचं: आडनावाचा अर्थ, त्यातली नामवंत माणसं, आणि घरात ते कधीपासून.

हेस्टर वॉलरचं कार्ड शेवटच्या ओळीपाशी अडलं होतं. अर्थ सोपा होता. वॉलर म्हणजे गडगे घालणारा, चुन्यामातीवाचून नुसते दगडावर दगड रचणारा. नामवंतांत वाचनालयातून एक जुना कवी आणि एक जाझ पियानोवादक हाती लागला होता. पण कधीपासून? शेजारीपाजारी चारशे वर्षं मागे पोचले होते. हेस्टर मात्र वयाच्या नवव्या वर्षी, अनाथालयातून नेऊन तीन घरांनी परत पाठवल्यावर, अमोस वॉलरच्या दारात आली होती. त्याने तिला आपलं नाव दिलं, पण बासष्ट वर्षांनंतरही ते तिला मागून आणलेलं वाटायचं. कार्ड द्यायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

मागच्या कुरणाचा गडगा मेंढ्यांनी पाडला होता. तो रचायला अमोसचा पुतण्या गिल्बर्ट आला होता. वय ऐंशी, जीभ अठराची. चहा घेऊन गेल्यावर तिने त्याला कार्डाचं सांगितलं. त्याच्या हातात एक वेडावाकडा दगड होता. तो ठेव आणि आधी चहा घे, असं ती म्हणाली.

"ठेवायचा कसा? एकदा उचलला की त्याला जागा शोधायचीच. काकांचा नियम." दगड फिरवत तो हसला. "आलीस त्याच आठवड्यात तू सगळ्या कोंबड्या सोडून दिल्यास, माझ्या आईला चावलीस. आई म्हणाली, परत पाठव ही अवदसा. काका इथेच काम करत होते. म्हणाले, हातात घेतलेला दगड मी खाली ठेवत नाही."

तिसऱ्या प्रयत्नात दगड नीट बसला. मग त्याने चहा घेतला.

अमोसला हेस्टरने जन्मभर मिस्टर वॉलर म्हटलं होतं, आणि त्याने कधी हरकत घेतली नव्हती. आभार मानायचेही राहूनच गेले होते.

घरात येऊन तिने कार्ड पुढ्यात ओढलं. कवी आणि पियानोवादक खोडले. नामवंतांत लिहिलं: अमोस वॉलर, गडगेवाले, माझे वडील.

कधीपासून: त्यांनी उचललं तेव्हापासून.