मागच्या दांड्याचा हार

"पुढे सगळेच घालतत. तुमी मागच्या दांड्याक घाला. सगळो भार तोच घेता."

बायकोचं, ललिताचं, हे सांगणं परळच्या हॉस्पिटलातलं, शेवटच्या आठवड्यातलं. गुणाजीने तेव्हा नुसती मान हलवली होती. आज लालबागच्या आपल्या गाडीदुरुस्तीच्या गाळ्यात उकिडवा बसून तो तोच दांडा सोडवत होता, आणि तिचा आवाज कानाशी होता.

गाडी गिरगाव चौपाटीवरच्या जीवरक्षकांची. मोटारसायकलसारखं हँडल, खाली चार फुगीर चाकं, वाळूत धावणारी. पाण्यात कुणी ओढलं गेलं की दोरी आणि ट्यूब घेऊन हीच आधी पोचायची. मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्यावर, अॅक्सलवर, बसलेली. महिनाभर मागून घरघर येत होती. काल एक चाक डुलायलाच लागलं, तेव्हा हितेंद्रने गाडी टेम्पोत घालून सकाळी गाळ्यावर आणली. हितेंद्र तिथला जुना जीवरक्षक. आज अष्टमी. उद्या खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसणार, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईस्तोवर गुणाजी पान्याला हात लावत नसे, हे हितेंद्रला ठाऊक होतं. दसऱ्याला तर चौपाटीवर देवींचं विसर्जन. व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

"काका, पाना पूजेला बसायच्या आत गाडी उठेल ना? नाहीतर परवा वाळूत मला पळायला लागेल, आणि माझं पोट बघताय तुम्ही."

"पोट बरं असतं. तरंगतं," गुणाजी म्हणाला.

हितेंद्र हसला आणि चहा सांगायला गेला.

काही वर्षांपूर्वी ही गाडी पहिल्यांदा गाळ्यात आली, तेव्हा ललिता डबा घेऊन आलेली होती. गाडी काय करते ते तिने नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, एवढे जीव आणते तर दसऱ्याला हिला हार हवाच. तेव्हापासून दर दसऱ्याला ती पहाटे आंघोळ करून, तोंडात पाणीही न घेता झेंडूचा हार करायची आणि दोघं तो चौपाटीवर नेऊन मागच्या अॅक्सलला बांधायची. हार गावच्या रीतीचा, केळीच्या सोपटात, म्हणजे खुंटाच्या सोललेल्या सालीत, गुंफलेला. सोपटाचा धागा तो किती टिकणार? चार फेऱ्यांत तुटायचा, फुलं वाळूत सांडायची आणि माणसांच्या पायाखाली जायची. पूजेचं फूल तुडवलं गेलं की तिला दिवसभर अन्न गोड लागत नसे. म्हणून गेल्या दसऱ्याला तिने भावाकडून मालवणहून आणलेला, जाळं विणायचा हिरवा नायलॉनचा दोरा काढला. तो हार तुटला नाही. संध्याकाळी हितेंद्रने फोनवर फोटो पाठवला, तो ती झोपेपर्यंत बघत होती. माघात ती गेली.

गुणाजीने चाक उतरवलं, चाकामागचा हब ओढून काढला आणि थांबला. दांड्याभोवती, ग्रीस आत राखणाऱ्या रबरी कडीच्या, ऑईल सीलच्या, तोंडाशी, काळ्या ग्रीसमध्ये काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. त्याने चिंधीने पुसलं. हिरवा दोरा.

हार कुणीतरी ओढून काढला असणार, पण दोऱ्याचं टोक आत राहिलं. चाक फिरेल तसा तो आवळत गेला आणि त्याने सीलचं रबर कापलं. वाट मिळाल्यावर खारं पाणी आणि वाळू आत. बेअरिंगच्या गोळ्या गंजून खडबडीत झाल्या होत्या, दांडाही बेअरिंगच्या जागी झिजून बारीक झाला होता.

चहा आला, तो निवला. गुणाजी बराच वेळ पाटावर बसून राहिला. खाऱ्या पाण्याने गेलं म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

मग तो उठला. नवा अॅक्सल घातला, दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलली. जुन्या बेअरिंगची कडी वर धरून नवं बेअरिंग चहूबाजूंनी हलकं ठोकत बसवलं. दोन्ही सील नवी, ग्रीस हाताने भरलेलं. चाकं चढवून त्याने एकेक धरून हलवलं. कुठलंच डुललं नाही.

"आमचे साहेब विचारतील, कशानं गेलं?" हितेंद्र म्हणाला.

गुणाजीने दोरा पुढे धरला. "हाराच्या दोऱ्यानं."

हितेंद्रने रंग ओळखला. म्हणाला, "मी खारं पाणी सांगतो, काका."

"नको. दोराच सांग. नाहीतर पुढं कुणीतरी तसाच बांधील."

"मग साहेब हारच बंद करतील."

"दोरा बंद करा म्हणावं. हार सोपटाचा येईल. अडकला तरी सोपट आधी तुटतं, सीलला काही होत नाही."

"तो टिकत नाही ना. फुलं पायाखाली जायची म्हणून काकूंना किती लागायचं."

"मी चालेन मागून. वेचीन."

साहेबांना काय आणि कसं सांगायचं, ते हितेंद्रने मनाशी जुळवलं असावं. गाडी टेम्पोत चढवताना एवढंच विचारलं, "मागच्याच दांड्याला?"

"मागच्याच."

टेम्पो गेल्यावर गुणाजीने पाने, हातोडी, पुलर घासूनपुसून फळीवर मांडले. दोरा रॉकेलमध्ये धुतला. हिरवा रंग पुन्हा वर आला. तो त्याने उद्याच्या पूजेसाठी हातोडीशेजारी ठेवला.

सोपटात फूल गुंफायची गाठ त्याने स्वतः कधी मारली नव्हती. तिची बोटं चालताना मात्र पुष्कळदा बघितली होती. आज दादरच्या फुलबाजारात केळीचे खुंट येतात. ओलं सोपट सोलून उद्या वाळवलं तर परवा पहाटेपर्यंत गाठ हाताला बसेल.

त्याने हात धुतले, शटर ओढलं आणि पिशवी काखेत मारून दादरच्या बाजूला चालू लागला.