लाल फडक्यातलं कडं

बदनापूरच्या नेमबाजी क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नेम बसवून देणारे म्हणून गाजलेले निशाणबाबा वाटूरहून आले होते. सोळा वर्षांच्या तृप्तीने आधी पाच छर्रे मारले; ते कागदभर पांगले. मग बाबांनी तिच्या एअर रायफलच्या नळीला, अगदी तोंडाजवळ, लाल फडक्यात शिवलेलं तांब्याचं जाड कडं चढवलं आणि डोळे मिटले.

"नळीत काय असतंय? हवा. हवेचा मालक कोण? मारुतीराया. बराबर? आता मालकच येऊन बसला, मंग छर्रा जातो कुठं?"

पुढचे पाचही छर्रे रुपयाएवढ्या जागेत बसले. गर्दीने हात जोडले. तृप्तीचे वडील भुजंगराव तर बाबांच्या पायावर आडवेच झाले.

क्लबाचे प्रशिक्षक संघपाल सर मागे भिंतीला टेकून हे पाहत होते. बाबांचं पुढचं बोलणं ऐकून त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"पोरीनं महिन्याचे चार दिवस रायफलीला शिवायचं न्हाई. शिवली की कडं तापतं, नळी फुटून डोळा जातो. अन् फडकं कुणी उसवायचं न्हाई."

येत्या रविवारी विभागाची निवड चाचणी होती. तृप्तीच्या आईने, पुष्पाबाईंनी, बोटांवर दिवस मोजले आणि नवऱ्याच्या कानात काही सांगितलं.

"मंग यंदा न्हाई जायचं," भुजंगराव म्हणाले. "लेकीच्या डोळ्याशी खेळ न्हाई करायचा."

दोन वर्षं तृप्ती रोज शाळेआधी इथे येत होती.

सरांना बाबाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. नळीच्या तोंडाशी वजन लावलं की नेम स्थिरावतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या शहरांतले नेमबाज अशी वजनं दुकानातून आणून राजरोस लावतात. क्लबाने ती मागवली होती, अजून आली नव्हती, आणि सरांनी हे पालकांना कधी समजावून सांगितलंच नव्हतं. त्याचा फायदा या भामट्याने उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तृप्ती म्हणाली, "सर, कडं लावल्यापासून डावा हात भरून येऊन राह्यला. तांबं एवढं जड असतंय का?"

"नसतं," सर म्हणाले. "शनिवारी सगळ्यांसमोर बघू."

शनिवारी बाबा इतर पोरांना कडी द्यायला आले, तेव्हा सरांनी टेबलावर किराणा दुकानातला तराजू आणि लोखंड कापायची करवत मांडून ठेवली होती. कडं भरलं चारशे ग्रॅम. सरांनी फडकं उसवलं.

"कापू नका. आंधळे व्हाल," बाबा ओरडले.

"एक डोळा गेला तर दुसऱ्यानं तुमच्याकडंच बघीन."

करवत चालली. तांब्याचा नुसता पातळ पत्रा होता, आत शिसं ओतलेलं होतं. सरांनी मग भंगारातले चारशे ग्रॅम नटबोल्ट पिशवीत घालून सायकलच्या ट्यूबने नळीला आवळून बांधले. तृप्तीने पाच छर्रे मारले. पुन्हा तेच, रुपयाएवढ्या जागेत.

"हातात हलकी काठी धरा, श्वासासरशी टोक थरथरतं. पहार धरली तर तिचं टोक तसं हलत न्हाई," सर म्हणाले. "पुढं वजन आलं की नळीबी तशीच जागेवर राहती. मारुतीरायाला कशाला मधी ओढता?"

बाबा झोळी गोळा करत होते. "आज हात शुद्ध होते म्हणून लागलं. उद्या बघा."

तृप्तीने रायफल खाली ठेवली आणि ती वळली. "आज माझा दुसरा दिवस आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

बाबा तेवढ्यात दारातून सटकले. त्यांना कुणी अडवलं नाही, याचाही सरांना संताप आला.

"पायावर पडायला जल्दी केली तुम्ही सगळ्यांनी," त्यांचा आवाज चढला. "कडं नुसतं तोलून बघायचं एकालाबी सुचलं न्हाई. उघडू नका म्हणणारा भेटला, की आधी उघडून बघा. अन् पोरीला शिवू नको म्हणला, तर त्याला दार दाखवा."

भुजंगरावांनी तृप्तीच्या पाच छर्र्यांचा कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी खाली मान घालून विचारलं, "सर, उद्याची गाडी किती वाजता हाय?"