काचेवरचा लाल गोल

बुधवार पेठेत, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी यंत्रभागांची ड्रॉइंग्ज होत. प्रत्येक ड्रॉइंग शेवटी रंगनाथसरांकडे तपासायला जाई. चूक दिसली की ते लाल स्केचपेनने तिच्याभोवती गोल काढत आणि म्हणत, "छान. असंच बनवलं तर प्रदर्शनात ठेवू." तिथे ड्रॉइंग्ज काढणारी दीक्षा जे काही शिकली ते या गोलांतून.

सरांचा ताप वाचावा म्हणूनच तिने मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा पढवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की तो ड्रॉइंगमधला एकेक व्ह्यू, म्हणजे भागाचं समोरून, वरून, बाजूने काढलेलं चित्र, मूळ मॉडेलशी, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या त्या भागाच्या त्रिमिती आकृतीशी, ताडून बघे. चाचणीला तिने सरांनी पास केलेलीच ड्रॉइंग्ज घेतली. त्यांत काय सापडणार होतं?

सापडलं. ब्रेकच्या एका ब्रॅकेटला समोरून भोक होतं, बाजूच्या व्ह्यूत ते नव्हतंच. मॉडेल बदललं होतं, व्ह्यू जुना राहिला होता. पुढची दोन ड्रॉइंग्जही तशीच. सगळी अलीकडची, सगळ्यांवर सरांची सही. मालक हिंमतरावांना कळलं तर सरांची नोकरी जाणार. गप्प बसावं तर उद्या ते चुकीचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडे जाणार.

ती ब्रॅकेटच्या ड्रॉइंगचा कागद घेऊन सरांकडे गेली. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, मग लांब धरला.

"कागद वाचवायला मोठा प्लॉटर बंद केला ना यांनी. चादरीएवढं ड्रॉइंग आता वहीएवढं छापतात. मला दिसत नाही गं."

"मग सांगायचं ना, सर!"

"हिंमतरावांना? ते हातात भिंग ठेवतील की नारळ?"

दीक्षाला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. सर मात्र उठले आणि कागद घेऊन स्वतःच मालकांच्या केबिनमध्ये गेले. ती मागोमाग गेली.

सगळं ऐकून हिंमतराव म्हणाले, "म्हणजे आता हिचं बटण पुरे."

"बटण मॉडेलच बरोबर धरून चालतं," दीक्षा म्हणाली. "मॉडेल चुकलं तर त्याला कळत नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

तिने आधी ती ड्रॉइंग्ज दुरुस्त केली. मग मॅक्रोत भर घातली: जुळो न जुळो, प्रत्येक व्ह्यू पडदाभर मोठा करायचा आणि थांबायचं. संध्याकाळी तिने सरांना मॉनिटरसमोर बसवलं आणि स्वतःचंच नवं ड्रॉइंग उघडलं. हिंमतराव मागे उभे होते. मॅक्रो म्हणाला, सगळं जुळतंय. पहिला व्ह्यू गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला सर पुढे झुकले.

"छान. हा बोल्ट आवळायला पाना कुठून घालणार? भिंतीतून?"

हात सवयीने गेला आणि मॉनिटरच्या काचेवर दीक्षाच्या चुकीभोवती लाल गोल पडला. सर ओशाळले, खिशातला रुमाल शोधू लागले.

"अहो, काच कंपनीची आहे," हिंमतराव म्हणाले. "उद्यापासून रोज पुसून घरी जात जा."