दुरुस्ती कक्षातला हेडफोन

मी एक हेडफोन बोलतोय. हो, बोलतोय. सव्वीस वर्षं नुसती ऐकण्यात गेली, तोंड उघडायची ही पहिलीच वेळ, तेव्हा शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. दमलोय हो मी. डाव्या कानाची गादी फाटलीय, उजवीला चिकटपट्टी लावलीय, आणि वायर एके ठिकाणी अशी दुमडलीय की जरा हलवली की खरखर सुरू. आता कुणी हलवत नाही म्हणा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पेटीत भरण्याआधी तिथली एक बाई आम्हा प्रत्येकाला स्वतःच्या कानाला लावून एक गाणं ऐकायची. दोन ओळी वाजल्या की मान हलवायची आणि पुढचा उचलायची. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. शेजारची पेटी रेडिओ केंद्रात गेली. एक पेटी भाषा शिकवणाऱ्या शाळेत गेली. आमच्या पेटीवर मात्र नुसता आकडा होता, पत्ता नव्हता. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं, पण मी तेव्हा कोरा करकरीत होतो.

पेटी उघडली ती एका लांबट खोलीत. दारावर पाटी होती, ‘दूरध्वनी दुरुस्ती, कक्ष चार’. खिडक्यांच्या काचा आतून रंगवलेल्या, पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर एक टेप फिरवणारं यंत्र. त्या यंत्राला तिथली मंडळी ‘सासूबाई’ म्हणत. घरातलं सगळं ऐकायचं, मधे बोलायचं नाही, आणि नंतर बरोबर योग्य जागी सांगायचं! कधीमधी एखादा भोळा माणूस पाटी वाचून आत यायचा, म्हणायचा, ‘अहो, आठ दिवस आमचा फोन बंद आहे.’ मग त्याला शेजारच्या इमारतीत पिटाळायचं. आमच्या खोलीत एकही फोन कधी दुरुस्त झाला नाही.

तिथे दुसऱ्यांचे फोन ऐकत. चोरांचे नव्हे, लुटारूंचे नव्हे. कुणी मोर्चा काढला, कुणी सभेत जरा वरच्या पट्टीत बोललं, कुणी सह्या गोळा केल्या, की त्याच्या फोनची एक तार हळूच आमच्याकडे यायची. परवानगी पंधरा दिवसांची असायची. पंधरा दिवस संपले की त्याच कागदाखाली कार्बन घालून पुढच्या पंधरा दिवसांची. ऐकणं थांबवायचं तर कुणीतरी सही करून लिहायला हवं होतं की हा माणूस निरुपद्रवी आहे. ती सही कोण करणार? उद्या काही झालं तर आपलं नाव पुढे. त्यापेक्षा ऐकत राहिलेलं बरं.

आणि ऐकायला काय मिळायचं म्हणता? डोंबल! एक विद्यार्थी पुढारी तीन महिने फक्त दाढदुखीबद्दल बोलला. एक प्राध्यापक रोज बहिणीला गुडघे विचारायचे. ज्यांना सगळे घाबरतात ती माणसंसुद्धा घरी फोन करून ‘पोहोचलास का’ आणि ‘भाजी आणू का’ एवढंच बोलतात, हे मी शपथेवर सांगतो.

माझे कान तीन-चार माणसांच्या डोक्यांवर बसले, पण सगळ्यात जास्त दिवस ‘कानसेन’च्या. हे खोलीने ठेवलेलं नाव. तरुणपणी त्याला गायचं होतं, आवाज काही लागला नाही. सहकारी म्हणायचे, तानसेन नाही झालास, कानसेन तरी झालास. पेन्शनला तेव्हा पाचेक वर्षं उरलेली. बोलायला कमी, लिहायला सुबक. घरी बायको म्हणते, ‘मी बोलते तेव्हा बरं तुम्हाला ऐकू येत नाही,’ असं तो स्वतःच सांगून हसायचा.

त्याच्याकडे शिंपीणकाकूंची तार आली.

काकूंचं एका वस्तीत शिवणाचं दुकान होतं. नवरा वारलेला, एकच मुलगी. वरच्या अंगाला एक कारखाना नदीत घाण सोडायचा आणि खालच्या अंगाला ही वस्ती ते पाणी प्यायची. पोरांच्या अंगावर चट्टे उठायला लागले तेव्हा काकूंनी एक समिती काढली. सात वर्षं अर्ज केले, सह्या केल्या, दोनदा रस्त्यावर बसल्या. एवढाच गुन्हा.

फोन दुकानातच होता, त्यामुळे बोलण्याखाली सतत मशीनची टकटक. पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली. काकू गिऱ्हाईकांना फोनवर मापं सांगायच्या, ‘छत्तीस, तीस, बाही नऊ.’ आमच्या साहेबांनी ते आकडे सांकेतिक भाषा म्हणून वर पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘कपड्यांची मापे असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कानसेन त्या दिवशी इतका हसला की मी त्याच्या डोक्यावरून घसरलो.

चार वर्षं आम्ही दोघांनी काकूंना ऐकलं. त्यांचा खोकला कधी वाढतो, मुलीवर कधी चिडतात, सगळं ठाऊक. मुलीचं लग्न ठरलं ते आम्हाला तिच्या मामाच्या आधी कळलं. मुलगा चांगला होता, पाटबंधारे खात्यात नोकरीला. कानसेन मला काढून ठेवताना पुटपुटला, ‘चला, काकूंच्या जिवाचा घोर गेला.’

मग तो फोन आला. पलीकडे काकूंची थोरली बहीण, ताई. काकूच आधी बोलल्या.

‘ताई, ठरलं गं. एकवीस तारखेला बार उडवूनच टाकू.’

‘एवढ्या लवकर? माणसं किती?’

‘दोनशे तरी. हॉल नको, मैदानातच करू. सामान माझ्या मागच्या खोलीत ठेवते. आणि हे बघ, इतक्यात कुणाला बोलू नकोस. आधीच लोकांची नजर आहे आपल्यावर.’

‘मी कशाला बोलते! उडव बाई एकदाचा बार.’

आता तुम्हीच सांगा, लग्नाचा बार उडवणं न कळणारा माणूस आहे का कुणी? पण आमच्या खोलीचा नियम असा, की ऐकलं ते शब्दाला शब्द लिहायचं, अर्थ लावायचा नाही. अर्थ लावणं वरच्यांचं काम. कानसेनने निळ्या शाईत सगळं उतरवलं. वाचून त्याला हसू फुटलं. शेजारच्या टेबलाला म्हणाला, ‘हे बघ, काकू बार उडवतायत!’ आणि साहेबांनाही जरा हसू येईल म्हणून त्याने ते वाक्य तांबड्या शाईने अधोरेखित केलं.

त्या कचेरीत तांबडी रेघ म्हणजे ‘धोका, तातडीने वर दाखवा’. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, एवढं उघड आहे, कुणालाही थट्टा कळेल. टेप तर पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायची पद्धत. आवाज गेला, हसणं गेलं, कागद आणि रेघ उरली.

वीस तारखेला वस्तीत जनसुनावणी होती. कारखान्याला नदीत दुसरा पाइप सोडायचा होता, आणि लोकांना काही म्हणायचं असेल तर त्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यांसमोर म्हणायचं होतं. काकूंनी चट्टे उठलेल्या बेचाळीस पोरांची यादी केली होती. बोलणार त्याच होत्या.

एकोणीसला दुपारी त्या आचाऱ्याशी बोलत होत्या. पानं दोनशे की अडीचशे, असं चाललं होतं. एवढ्यात दुकानात पावलं वाजली.

‘जरा आमच्याबरोबर यावं लागेल.’

‘कोण तुम्ही? अहो, परवा माझ्या मुलीचं लग्न आहे!’

‘तिकडे येऊन सांगा काय ते.’

रिसीव्हर लोंबकळत राहिला असावा, भिंतीवर आपटल्याचा ठक्क आवाज आला. मशीन थांबलं. आणि पलीकडून आचारी बिचारा ओरडतोय, ‘हॅलो? काकू? दोनशे की अडीचशे?’ बऱ्याच वेळाने मुलीने रिसीव्हर उचलला. म्हणाली, ‘आईला घेऊन गेले.’

कानसेनचं डोकं माझ्याखाली घामाने भिजलं. तो तसाच उठला. माझी वायर यंत्रातून उपटली गेली आणि मी त्याच्या गळ्यात लटकत साहेबांच्या खोलीत पोहोचलो.

‘साहेब, ते लग्न आहे हो. बार म्हणजे लग्नाचा बार!’

साहेबांनी फाईल मिटली. आवाज अजिबात चढवला नाही.

‘मला भाषा कळत नाही असं वाटतं का तुला? माझ्या दोन मुलींचे बार मीच उडवलेत.’

‘मग सोडा ना त्यांना!’

‘सोडू की. तेवीसला सोडू. आधी वीस तारीख जाऊ दे.’ मग म्हणाले, ‘बस, चहा घे. आणि एक लक्षात ठेव, तांबडी रेघ माझी नाही, तुझी आहे.’

कानसेनने चहा घेतला. याचा मला फार राग आला, अजूनही येतो. पण पेन्शनला अकरा महिने उरलेला माणूस काय करणार, हेही मला कळतं. तो खुर्चीवर परत आला, मला कानावर चढवलं, आणि आम्ही पुन्हा ऐकायला लागलो. पोटासाठी माणूस काय काय गिळतो, ते मी फार जवळून पाहिलंय.

वीसची सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. यादी काकूंच्या पिशवीत, पिशवी जप्त. बाकी कुणी उठून बोललं नाही.

त्याच संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. फार सभ्य माणूस.

‘तुमच्याबद्दल आमच्या मनात तसं काही नाही हो, पोरी. पण पोलीस आमच्याही घरी येऊन गेले. मुलाची नोकरी सरकारी. तू समजून घे.’

मुलगी म्हणाली, ‘बरं.’ आणि रिसीव्हर ठेवण्याआधी म्हणाली, ‘काका, आचाऱ्याला तुम्ही सांगाल का? मला नाही जमणार.’

तेवीसला काकू सुटल्या. त्यानंतर बारा दिवस फोन उचललाच गेला नाही. तेराव्या दिवशी सकाळी नवाला रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. नंबर फिरवला नाही. डायल टोनच्या गुंईगुंईवर काकू सरळ बोलायला लागल्या.

‘ऐकताय ना? मला तिथे विचारत होते, बार कुठे उडवणार होतीस. तो शब्द मी फक्त ताईशी बोलले होते, तेव्हाच ओळखलं. शिव्या द्यायला फोन नाही उचलला. बार म्हणजे लग्न हो. तुमच्या घरी नाही का म्हणत? मुलगी ताईकडे गेलीय. आई, मला तिकडे फोन करू नकोस, म्हणाली. बरोबर आहे तिचं. समितीतलेही आता फोन करत नाहीत. राहता राहिलात तुम्ही.’

कानसेनने मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. उलटं, कान खाली करून. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. सासूबाईंमध्ये त्याने टेप घातलीच नव्हती. त्यामुळे पुढचं जे झालं ते फक्त मी ऐकलं.

‘सात वर्षं अर्ज दिले,’ काकू म्हणाल्या, ‘वाटलं, सरकार काही ऐकत नाही. आता कळलं, ऐकतंय. पगार देऊन माणूस बसवलाय. मग ऐकाच. सुनावणीत वाचायची होती ती यादी परत केली आहे, आठवेल तशी. रोज पाच-पाच वाचीन. कोपऱ्यावरच्या धोब्याची धाकटी, वय सहा, पाठीवर चट्टे. रखवालदाराची जुळी, वय चार, दोघांच्याही पायांवर...’

रोज सकाळी नवाला. पाच झाले की ‘ठेवते’ म्हणायच्या आणि ठेवायच्या. बेचाळीस संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि मधे मधे नवी वाढलेली. कानसेन रोज मला जोडायचा, टेबलावर ठेवायचा, आणि वहीत सुबक अक्षरात लिहायचा, ‘विशेष काही नाही.’ अकरा महिने. त्याचा निरोपसमारंभ झाला त्या सकाळीसुद्धा.

मग नवी यंत्रं आली. ती आपली आपणच ऐकतात, म्हणे. कुणाचंही, सगळ्यांचंच. कान लागत नाहीत, कानसेन लागत नाहीत. आम्हाला एका खोक्यात भरलं, खोक्यावर ‘निकामी’ लिहिलं आणि जिन्याखाली ढकललं. काकूंच्या तारेचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. शेवटची ऐकली तेव्हा यादी एकसष्टवर गेली होती आणि त्यांचा खोकला फार वाढला होता.

माझं काही मागणं नाही. भंगारात जाईन, सुटेन एकदाचा. पण तुम्ही कधी एखाद्या वस्तीत कपडे शिवायला टाकलेत, आणि दुकानातली म्हातारी मशीन थांबवून सकाळी नवाला रिकाम्या फोनवर पोरांची नावं वाचताना दिसली, तर तिला वेडी म्हणू नका. फक्त एवढं सांगा, की काकू, कुणीतरी रोज ऐकत होतं, एकही दिवस चुकवला नाही. तो नुसता हेडफोन होता, हे मात्र सांगू नका.